बांधकामाचा न लिहिलेला जमाखर्च

पुण्याच्या शनिवारवाड्याचा पाया पहिल्या बाजीराव पेशव्यांनीं १० जानेवारी १७३० रोजीं घातला, आणि दोनच वर्षांनीं, १७३२ च्या जानेवारींत, वाड्याची वास्तुशांति झाली. या कामास १६,११० रुपये खर्च आला असें सांगतात. लांकूड जुन्नरकडच्या रानांतलें, दगड चिंचवडच्या खाणींतला आणि चुना जेजुरीच्या बाजूचा. चिंचवड पुण्याहून दहा-अकरा मैल, जेजुरी तीस मैल, आणि जुन्नर साठ मैलांच्या आंतबाहेर. म्हणजे ज्या वाड्यांत पुढें साऱ्या हिंदुस्थानच्या राजकारणाच्या मसलती झाल्या, तो वाडा बैलगाडी चार-पांच मुक्कामांत जेथवर जाऊन येते तेवढ्याच मुलखांतून उभा राहिला होता.

रुपयांचा आंकडा मागें राहिला. परंतु जुन्नरच्या रानांत सागाचे किती खुंट उरले, जेजुरीकडच्या भट्ट्यांत किती गाड्या सरपण जळालें, याचा आंकडा कोणीं ठेवला नाहीं. तो ठेवण्याचें कोणाच्या मनांतहि आलें नाहीं, कारण रान अपार आहे अशीच तेव्हांची समजूत होती. घर बांधलें कीं त्याचा एक जमाखर्च मालकाच्या वहींत उतरतो आणि दुसरा डोंगरांत, नदींत, रानांत व आकाशांत. पहिला लिहिण्याची रीत फार जुनी आहे. दुसरा लिहिण्याची रीत पडून अजून साठ वर्षेंहि झालेलीं नाहींत, आणि मधल्या काळांत बांधण्याची पद्धतिच मुळापासून बदलून गेली.

जुन्या पद्धतीचा प्राण चुना. चुनखडी किंवा शेतांतून निघणारे चुन्याचे खडे, आणि किनाऱ्यावर शिंपल्या, लांकडाच्या किंवा कोळशाच्या आंचेवर भट्टींत भाजीत. मुंबईच्या शीव-कुर्ल्याच्या मध्यें जें चुनाभट्टी नांवाचें ठिकाण आहे तें याच धंद्याची आठवण होय. भाजून निघालेला कळीचा चुना पाण्यांत टाकला कीं तो फसफसतो, उकळतो आणि फुटून त्याचें पीठ होतें. यास चुना विरविणें म्हणत. मग गोल दगडी चरांत वाळू आणि विटांची सुरकी घालून त्यावर बैलानें ओढलेलें दगडी चाक तासन् तास फिरे. ही चुन्याची घाणी. कोठें गुळाचें पाणी घालीत, कोठें बेलफळाचा गर, कोठें हिरड्याचें पाणी. प्रत्येक गांवच्या गवंड्याचा हात निराळा आणि गुपितहि निराळें.

या भट्टींत काय घडतें हें नीट समजून घेतलें पाहिजे, कारण पुढचा सारा हिशेब त्यावरच चालतो. चुनखडी म्हणजे चुना आणि कर्बाम्लवायु यांचा संयोग. शुद्ध चुनखडी १०० मण भाजली तर कळीचा चुना ५६ मणच हातीं येतो. बाकीचें ४४ मण वजन कर्बाम्लवायूच्या रूपानें धुराड्यांतून निघून जातें. सरपणाचा धूर याहून वेगळा. पण चुन्याचा एक गुण असा कीं भिंतींत बसल्यावर तो हवेंतला तोच वायु हळूहळू परत शोषून घेतो आणि पुन्हा दगड होतो. चुन्याची भिंत वाळते असें आपण म्हणतों. खरें म्हणजे ती श्वास घेऊन दगड बनत असते. दगडापासून निघालेला वायु बहुतांशीं दगडांत परत जातो. परत येत नाहीं तो फक्त जळलेल्या लांकडाचा धूर, आणि तो कांहीं लहानसहान नव्हता. तेव्हां जुनी पद्धति अगदीं निष्पाप होती असें मानण्याचें कारण नाहीं. एकेका वाड्यापायीं सागाचीं आणि सरपणाचीं रानें विरळ होत. तरी पण माणसें थोडीं, वाडे थोडे आणि गाडीचा बैल हळू, या तीन गोष्टींनीं त्या हानीला आपोआप मर्यादा पडली होती.

चुन्याचा दोष एकच, आणि तो मोठा. त्याला घाई चालत नाहीं. एक थर घालावा, पाणी मारावें, थांबावें, मग दुसरा. भिंती जाड लागतात, आणि पाण्याखालीं तर नुसता चुना घट्ट होतच नाहीं. इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यापासून दूर समुद्रांत एडिस्टोनच्या खडकावर दीपगृह बांधण्याचें काम जॉन स्मीटन यांजकडे आलें तेव्हां हाच पेंच पडला. दोन भरत्यांच्या मधल्या वेळांत जो चुना घट्ट धरेल असा त्यांना हवा होता. त्यांनीं निरनिराळ्या ठिकाणच्या चुनखड्या भाजून पाहिल्या आणि असें शोधून काढलें कीं जिच्यांत चिकणमातीचा अंश आहे त्या चुनखडीचा चुना पाण्याखालींहि कठीण होतो. १७५६ ते १७५९ या काळांत तें दीपगृह उभें राहिलें. सव्वाशें वर्षांनीं तें उतरवावें लागलें. कारण बांधकाम खचलें असें नव्हे, तर खालचा खडकच लाटांनीं झिजला. बांधकामापेक्षां खडक आधीं थकल्याचें असें उदाहरण विरळाच.

या शोधाच्या पुढचें पाऊल लीड्स येथील एका गवंड्यानें टाकलें. जोसेफ आस्पडिन याचें नांव. २१ ऑक्टोबर १८२४ रोजीं त्यानें चुनखडी व चिकणमाती एकत्र भाजून तयार केलेल्या भुकटीचें पेटंट घेतलें आणि पोर्टलंडच्या प्रसिद्ध दगडासारखी ती दिसते म्हणून तिला पोर्टलंड सिमेंट हें नांव दिलें. पुढें वीस वर्षांनीं आयझॅक जॉन्सन याच्या ध्यानांत आलें कीं आंच इतकी वाढवावी कीं मिश्रण अर्धवट वितळून त्याचे काळसर खडे व्हावेत, आणि ते दळले तर सिमेंट कितीतरी पटींनीं बळकट होतें. भट्टींतला माल जळून खराब झाला म्हणून जे खडे पूर्वी फेंकून देत, तेच खरें सिमेंट ठरलें. चुन्याला सुमारें ९०० अंशांची आंच पुरते. या खड्यांना १,४५० अंशांची लागते. आजच्या हिशेबांत ही मधली ५५० अंशांची तफावत फार महाग पडते.

फ्रान्समध्यें जोसेफ मोनिए नांवाचा एक माळी होता. झाडांच्या कुंड्या फुटूं नयेत म्हणून त्यानें सिमेंटमध्यें लोखंडी तारांची जाळी घातली आणि १८६७ सालीं तिचें पेटंट घेतलें. दाब सहन करणें हें दगडाचें काम आणि ताण सहन करणें हें लोखंडाचें; या दोघांची सोयरीक एका कुंडींत झाली, आणि त्या सोयरिकींतून आजचीं महानगरें निपजलीं. १८९२ सालीं फ्रान्सुआ एनबिक यानें खांब, तुळई आणि तक्तपोशी हीं सर्व एकसंध ओतण्याची रीत पेटंट केली, तेव्हां भिंतीचें महत्त्वच संपलें. भार वाहण्याचें काम सांगाड्याकडे गेलें. भिंत नुसती आडोशापुरती उरली.

हिंदुस्थानांत सिमेंट प्रथम पिंपांतून, विलायतेहून, जहाजानें येत असे. १९०४ सालीं मद्रासेस समुद्रांतील शिंपल्यांपासून सिमेंट करण्याचा कारखाना निघाला. तो चालला नाहीं. १९१४ सालीं पोरबंदरच्या कारखान्यांतून माल बाहेर पडूं लागला. त्याच वर्षीं युरोपांत महायुद्ध पेटून विलायती माल येण्यास अडचण पडली आणि देशी सिमेंटला पाय रोंवण्यास अवसर मिळाला. मध्यप्रांतांत कटनी व बुंदी संस्थानांत लाखेरी येथील कारखाने लगोलग आले. मग एकमेकांत किमतीची इतकी चढाओढ लागली कीं सर्वच डबघाईस येण्याची वेळ आली, आणि अखेर १९३६ सालीं अनेक कंपन्या एकत्र होऊन असोसिएटेड सिमेंट कंपनी स्थापन झाली.

मुंबईंत या स्थित्यंतराची सांधेजोड पाहावयाची असेल तर अपोलो बंदरावर जावें. गेटवे ऑफ इंडियाची कोनशिला ३१ मार्च १९११ रोजीं बसली. जॉर्ज विटेट यांचा आराखडा १९१४ सालीं मंजूर झाला आणि १९२४ सालीं कमान पुरी झाली. बाहेरून पाहणाऱ्यास पिवळसर दगड दिसतो. आंत मात्र लोखंडी गजांचें काँक्रीट आहे. वर जुन्या पद्धतीचा शेला, आंत नव्या पद्धतीचें अंग! त्यानंतर दहा-पंधरा वर्षांतच मरीन ड्राइव्हवर ज्या इमारती उठल्या, त्यांनीं हा शेलाहि टाकून दिला.

काँक्रीट लोकांना हवेंसें कां वाटलें, हेंहि न्यायबुद्धीनें पाहिलें पाहिजे. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला तेव्हां अंधाऱ्या, ओलसर, उंदीर-घुशींनीं पोंखरलेल्या चाळींत माणसें किड्यामुंग्यांसारखीं मेलीं. काँक्रीटच्या भिंतींत उंदीर बिळ करीत नाहीं, वाळवी लागत नाहीं, आग सहसा पसरत नाहीं. १९२० सालीं सरकारनें मुंबईच्या विकासासाठीं डेव्हलपमेंट डिरेक्टोरेट नांवाचें खातें काढलें आणि वरळी, नायगांव, डिलाइल रोड व शिवडी येथें गिरणीकामगारांसाठीं २०७ चाळी बांधल्या. प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची. ‘बीडीडी चाळ’ हें नांव पुढें मराठी माणसाच्या घरगुती भाषेंतच रुजलें. दर्शनी सौंदर्य म्हणून त्यांत कांहीं नव्हतें; परंतु त्या खोल्यांनीं तीन-चार पिढ्यांना छप्पर दिलें. शंभरीला टेकलेल्या याच चाळी अलीकडे टप्प्याटप्प्यानें पाडण्यांत येत असून त्यांच्या जागीं उत्तुंग मनोरे उठत आहेत.

समुद्राकांठीं काँक्रीटचें वय कां सरतें, यालाहि शास्त्र आहे. नवें काँक्रीट क्षारधर्मी असतें. त्या गुणामुळें आंतला गज गंजत नाहीं. पण काँक्रीटहि चुन्याप्रमाणेंच हवेंतला कर्बाम्लवायु घेतें. चुन्याच्या भिंतीला जें बळ देतें तेंच येथें घातक होतें, कारण त्या वायूनें काँक्रीटचा क्षारगुण मरतो आणि गज उघडा पडतो. त्यांत मुंबईच्या खाऱ्या वाऱ्याची भर. गंजलेलें लोखंड मूळच्यापेक्षां कितीतरी अधिक जागा मागतें, फुगतें आणि स्लॅबचे टवके खालीं पाडतें. मुंबईंतील कोणत्याहि जुन्या इमारतींत भरपावसाळ्यांत छताखालीं बादली ठेवणाऱ्या गृहिणीला हें शास्त्र न शिकतां ठाऊक असतें. मग इमारत पाडली जाते. सागवान वाड्याची तुळई पाडल्यावर दुसऱ्या घरांत जाई, घडीव दगड तिसऱ्या ओट्याला लागे. काँक्रीटचा राडारोडा मात्र खाडीकांठच्या कांदळवनांत किंवा रस्त्याच्या कडेला जाऊन पडतो. त्याची विल्हेवाट कशी लावावी याचे स्वतंत्र नियम केंद्रसरकारनें २०१६ सालीं केले. तोंवर हा हिशेब कोणाच्याच वहींत नव्हता.

आतां धुराड्याकडे पुन्हा वळावें. सिमेंटच्या खड्यांत सुमारें दोनतृतीयांश भाग चुना असतो. त्यामुळें एक टन खडे तयार होतांना चुनखडींतूनच अर्ध्या टनाहून थोडा अधिक कर्बाम्लवायु सुटतो. १,४५० अंशांच्या आंचेसाठीं जळणाऱ्या कोळशाचा त्यावर आणखी. म्हणजे कोळशाऐवजीं उद्यां सूर्याच्या किरणांवर भट्टी चालली, तरी हा अर्धा टन चुकणार नाहीं. जगांत आतां दरसाल सुमारें ४०० कोटी टन सिमेंट होतें. त्यांत निम्मा वांटा चीनचा. दुसरा क्रम भारताचा, आणि तो ३० कोटी टनांच्या वर गेला आहे. मनुष्यजात जो कर्बाम्लवायु आकाशांत सोडते त्यांतील शेंकडा सात-आठ भाग एकट्या सिमेंटचा आहे असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. १९१४ सालीं पोरबंदरास पहिलीं पोतीं शिवणाऱ्या माणसाला ही कल्पना स्वप्नांतहि आली नसती.

पण सिमेंट हा काँक्रीटचा लहान भाग. जुन्या ठरीव प्रमाणानें एक माप सिमेंटला दोन मापें वाळू आणि चार मापें खडी लागते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरणखात्यानें २०२२ सालीं जो अंदाज प्रसिद्ध केला त्याप्रमाणें जगांत दरसाल ५,००० कोटी टन वाळू व खडी उपसली जाते. पाण्याखालोखाल माणूस सर्वांत जास्त वापरतो तो हाच पदार्थ. मरुभूमींत वाळू अमाप आहे, पण वाऱ्यानें तिचे कण गोल व बारीक झालेले असल्यामुळें ते एकमेकांस धरत नाहींत. समुद्राची वाळू खारी, ती गज खाते. उरली नदीची. आणि नदी ती हजारों वर्षांत कणाकणानें आणून टाकते.

घाटमाथ्याच्या पूर्वेकडील, कमी पावसाच्या मुलखांत वाळूचें मोल निराळेंच आहे. भीमा, सीना, मांजरा यांच्या कांठचीं गांवें उन्हाळ्यांत नदीच्या कोरड्या पात्रांत हातभर खणून झिरा काढतात आणि वाटी-वाटीनें पाणी घागरींत भरतात. वाळूचा थर म्हणजे त्या नदीनें पावसाळ्याची केलेली सांठवण. सूर्याला ती दिसत नाहीं म्हणून तिची वाफ होत नाहीं. रात्रीं ट्रक येतात, यारीनें वाळू उपसली जाते, आणि खालचा खडक किंवा गाळ उघडा पडतो. मग पूर आला कीं पाणी वेगानें निघून जातें, कांठ ढासळतात, आणि चैत्रांत कांठच्या विहिरी आटतात. शहरांतल्या सदनिकेच्या किमतींत वाळूचे पैसे धरलेले असतात. आटलेल्या विहिरीचे नसतात. मुंब्रा, वसईच्या खाड्यांत हाच प्रकार ड्रेजर लावून झाला. खाडीचा तळ खोल गेला कीं भरतीचें खारें पाणी आंत शिरतें आणि भाताचीं खाचरें नासतात.

न्यायालयांना अखेर यांत लक्ष घालावें लागलें. २०१० च्या सप्टेंबरांत मुंबई उच्च न्यायालयानें राज्यांतील वाळूउपशावर बंदी घातली. पुढें अटी-नियम होऊन तो पुन्हा सुरू झाला. २७ फेब्रुवारी २०१२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें दीपककुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणांत असा हुकूम केला कीं पांच हेक्टरांहून लहान क्षेत्रासहि पर्यावरणखात्याची मंजुरी घेतल्याखेरीज असा उपसा करतां येणार नाहीं. तोंवर मोठ्या क्षेत्राचे लहान लहान तुकडे पाडून कायद्यांतून निसटण्याची युक्ति सर्रास चाले. आतां नदीच्या वाळूऐवजीं काळा दगड यंत्रांत दळून केलेली वाळू वापरण्याचा प्रघात वाढला आहे. नदीचा भार त्यानें हलका झाला हें खरें. पण तोच भार सह्याद्रीच्या फांट्यांवरील टेकड्यांच्या माथीं गेला आहे. पुण्याच्या सभोंवार ज्या टेकड्या कुरतडल्या गेल्या त्यांकडे पाहिलें म्हणजे ध्यानांत येतें कीं वाळू शेवटीं डोंगराचीच असते. पूर्वी ती नदीच्या मर्जीनें येई, आतां माणसाच्या मर्जीनें येते.

इतकें वाचल्यावर कोणासहि वाटेल कीं मग जुनें तेंच बरें. मातीदगडाकडे परत जावें. पण ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट विसरून असें म्हणतां येणार नाहीं. आदल्या दिवशीं अनंतचतुर्दशी होती. गणपति बोळवून लोक थकून झोंपले होते. पहाटे चारच्या सुमारास लातूर जिल्ह्यांतील किल्लारीजवळ भूकंप झाला आणि लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील गांवेंच्या गांवें जमीनदोस्त झालीं. आठ हजारांच्या आसपास माणसें गेलीं. धक्का तसा मध्यम प्रतीचा होता. तितक्या धक्क्यानें इतकीं माणसें मरण्याचें कारण घरें हेंच. तेथील भिंती दोन ते चार फूट जाड, पण दुपदरी; बाहेरचा दगड एकीकडे, आंतला दुसरीकडे, आणि मधें माती व कपऱ्या. दोन्ही पदर बांधून ठेवणारा आरपार दगड बहुधा कोठेंच नव्हता. वर माळवदाची धाब्याची माती, दर पावसाळ्यापूर्वी नवा थर देऊन देऊन वाढलेली. उन्हाळ्यांत गारवा देणारें तें छप्पर त्या पहाटे झोंपलेल्यांच्या अंगावर आलें. पिढ्यान् पिढ्या ज्या घरानें ऊन झेललें त्यानेंच घात केला.

यानंतर ५२ गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं. सिमेंटचीं घरें, रुंद रस्ते, सरळ ओळी. घरें भूकंपाला टिकाऊ झालीं, यांत शंका नाहीं, आणि आपलीं माणसें ढिगाऱ्यांतून काढलेल्यांना दगडी भिंतीचें नांवहि नकोसें झालें असेल तर त्यांना दोष देतां येत नाहीं. परंतु पातळ भिंत आणि उघडा स्लॅब मराठवाड्याच्या उन्हांत तव्यासारखा तापतो, हेंहि तितकेंच खरें. ज्या गांवांना हलविलें नाहीं तेथें इंजिनियरांनीं दुसरा मार्ग शिकविला: दगडमातीचीच भिंत ठेवावी, पण ठराविक अंतरावर आरपार दगड घालावेत, माळवदावरची माती कमी करावी, आणि दारांच्या वरून सबंध घराला काँक्रीटचा पट्टा बांधावा. कंबरपट्ट्यासारख्या या पट्ट्याला सिमेंट थोडेंसेंच लागतें. कोठें सिमेंटवांचून गत्यंतर नाहीं आणि कोठें तें नुसत्या संवयीनें ओतलें जातें, हा विवेक या एका उदाहरणांत जितका स्पष्ट दिसतो तितका जाड्या ग्रंथांतहि क्वचित् सांपडेल.

बांधण्यापूर्वीच दुसरा जमाखर्च मांडून पाहावा, ही कल्पना कायद्यांत प्रथम उतरली ती अमेरिकेंत. १९६९ सालीं तेथील काँग्रेसनें मंजूर केलेला राष्ट्रीय पर्यावरणधोरणाचा कायदा १ जानेवारी १९७० रोजीं सहीनिशीं अमलांत आला. भारतांत १९८६ चा पर्यावरणसंरक्षण कायदा भोपाळच्या वायुकांडानंतर झाला, आणि त्याखालीं १९९४ सालीं परिणाम-मूल्यमापनाची पहिली अधिसूचना निघाली. तिच्यांत धरणें, खाणी, कारखाने होते. साध्या इमारती नव्हत्या. मोठ्या इमारती २००४ सालीं तिच्यांत आल्या, आणि १४ सप्टेंबर २००६ च्या नव्या अधिसूचनेनें २०,००० चौरस मीटर व त्यावरील बांधकामास आधीं मंजुरी घेणें सक्तीचें केलें.

हें सर्व योग्यच झालें. पण या मूल्यमापनाचीं मापें पाहिलीं तर त्यांत एक उणीव राहून गेलेली दिसते. इमारत किती पाणी पिणार, सांडपाणी कोठें सोडणार, मोटारी कोठें उभ्या राहणार, झाडें किती तोडणार, हें विचारलें जातें. म्हणजे इमारतीच्या कुंपणाच्या आंतलें. ती उभी करण्यासाठीं कुंपणाबाहेर, दोनशें मैलांवर, कोणत्या भट्टीनें किती वायु सोडला आणि कोणत्या नदीनें किती वाळू दिली, याची चौकशी फार वरवरची होते. आणि २०,००० चौरस मीटरांच्या आंतलीं लाखों घरें तर त्या कचेरीच्या पायरीवर येतच नाहींत, जरी देशांतलें बरेंचसें सिमेंट त्यांतच मुरतें. शिवाय मूल्यमापनाचा अहवाल ज्याच्या इमारतीविषयीं असतो त्याच्याच पैशानें लिहिला जातो. परीक्षार्थ्यानें परीक्षकाला बिदागी द्यावी, तशांतलाच हा प्रकार. निकालाची विश्वासार्हता निराळी सांगावयास नको.

सुधारणेचे मार्ग नाहींत असें मात्र नव्हे. औष्णिक वीजकेंद्रांतून कोळशाची राख डोंगरांसारखी सांचते. ती सिमेंटमध्यें मिसळली कीं तेवढे खडे वांचतात आणि काँक्रीटहि कालांतरानें अधिक घट्ट होतें. विटांसाठीं शेतांतली कसदार वरची माती जाते, ती वांचविण्याकरितां केंद्रसरकारनें १९९९ सालीं राखेच्या वापराविषयीं अधिसूचना काढली. आज भारतांत विकलें जाणारें बहुतेक सिमेंट राख किंवा लोखंडाच्या भट्टींतली मळी मिसळलेलें असतें. जुन्या गवंड्याची सुरकी ती हीच. भाजलेल्या विटेच्या जागीं भाजलेल्या कोळशाची राख आली इतकेंच. रोमन लोक ज्वालामुखीची राख घालीत. युक्ति दोन हजार वर्षांची आहे, मधल्या शंभर वर्षांत आपण ती विसरलों होतों.

लॉरी बेकर नांवाचे एक इंग्रज वास्तुशिल्पी दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत मायदेशीं परत निघाले असतां बोटीची वाट पाहत मुंबईंत अडकून पडले होते. तेथें त्यांची गांधीजींशीं गांठ पडली. चांगलें घर बांधण्याचें सर्व साहित्य त्या घरापासून पांच मैलांच्या आंत मिळालें पाहिजे, अशा अर्थाचें गांधीजी बोलले, आणि ती गोष्ट बेकर यांनीं जन्मभर जपली. गांधीजींचें स्वतःचें सेवाग्रामांतील १९३६ च्या सुमाराचें घर मातीच्या भिंतींचें, बांबूंचें व कौलांचें आहे. तें मीराबेनच्या देखरेखीखालीं बांधलें गेलें. बेकर १९४५ सालीं भारतांत आले आणि २००७ सालीं तिरुअनंतपुरम येथें वारले. केरळांत त्यांनीं विटा उभ्या लावून भिंतीच्या पोटांत पोकळी ठेवण्याची रीत रूढ केली. वीट कमी लागते, चुना-सिमेंट कमी लागतें, आणि पोकळींतल्या हवेमुळें घर गार राहतें. पांच मैलांचा दंडक मुंबईसारख्या शहराला पाळतां येणार नाहीं हें उघड आहे. शनिवारवाड्यालाहि तो पाळतां आला नव्हता. पण साहित्य किती लांबून आलें हा प्रश्न विचारणेंच ज्या काळांत वेडगळ ठरलें होतें, त्या काळांत तो एका वास्तुशिल्प्यानें पन्नास वर्षें विचारीत राहावें हें थोडें नव्हे.

शनिवारवाड्याचे वरचे मजले १८२८ च्या फेब्रुवारींत लागलेल्या आगींत जळून गेले. जुन्नरचें सागवान कित्येक दिवस धुमसत होतें. राहिला तो चिंचवडचा दगड आणि त्याला धरून ठेवणारा जेजुरीचा चुना. अशा जुन्या बांधकामांच्या डागडुजींत मध्यंतरीं सिमेंट भरण्याची चाल पडली होती. पण सिमेंट दगडापेक्षां कठीण, तें ओल आंतच कोंडतें, क्षार बाहेर काढतें, आणि सांध्याऐवजीं दगडच फुटूं लागतो, असा अनुभव आला. म्हणून जुन्या वास्तूंच्या जाणत्या दुरुस्तींत आतां पुन्हा चुना मागतात. चुना विरवून मुरवत ठेवतात, सुरकी चाळतात आणि दगडी चाकाची घाणी फिरवितात. बैलाच्या जागीं बहुधा विजेची मोटार असते. अडचण पडते ती चुना ओळखणारा गवंडी मिळण्याची.